नावाआधी काही लावू नकोस

जवळ सरका. आणखी थोडं. आयुष्यभर मी मशिदीच्या भोंग्यावरून बोललो. हे मात्र भोंग्यावरून सांगण्यासारखं नाही. मी या गावचा मोदिन. मूल जन्मलं की त्याच्या कानात अजान म्हणायची, लग्नात दुआ मागायची, आणि माणूस गेला की त्याला न्हाऊ घालून, कफन नेसवून त्याचं नाव आसपासच्या सगळ्या वाड्यांना ऐकवायचं, हे माझं काम. गाऊन सांगितलेल्या प्रवचनाचं मला वेड आहे. डफाच्या तालावर कुणी पैगंबरांची कथा गायला लागलं की माझ्या पानातला भात निवून जातो. पण आजची कथा मला गाता येत नाही. करून पाहिलं, दोन ओळींपुढे सूर लागत नाही. म्हणून साधीच सांगतो. बसा.

"जुम, मी गेलो की भोंग्यावर तूच बोलणार ना?"

कांग मादीनं हे विचारलं तेव्हा दिवस कलून असरची नमाज नुकतीच झाली होती. किस्मादी त्याचं नाव, कांग म्हणजे थोरला भाऊ. तो बाहेरच्या खोलीत बांबूच्या खाटेवर पडला होता. यकृत सुजून पोट वर आलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. इस्पितळानं घरी पाठवलं होतं, म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"मी नाही तर कोण," मी म्हटलं. "पण घाई काय आहे? मला आधी चहा तरी पिऊ दे."

"काय बोलशील ते आत्ता म्हणून दाखव."

"कांग, जिवंत माणसासमोर कसं म्हणू?"

"मास्तर आहे मी. धडा मी आधीच ऐकून घेतो."

आवाज अगदी खाली आणून मी म्हणालो, "आपण सारे अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परतणारे. आपल्या वाडीतले डोक्तोरांदुस किस्मादी..."

"तिथंच थांब."

"काय चुकलं?"

"तो शब्द काढ. नावाआधी काही लावू नकोस."

आतला पडदा सरकला. बू वुर्यानी, त्याची बायको, हातात आल्याच्या चहाचे पेले घेऊन उभी होती. आमच्याकडे मानाच्या बाईला बू म्हणतात, पुरुषाला पाक. तिनं पेले खाली ठेवले, माझा माझ्याकडे, त्याचा त्याच्याकडे, आणि म्हणाली, "तो शब्द राहील, पाक मोदिन. त्यांना ताप आहे."

तापबीप काही नव्हता.

त्या शब्दाबद्दल आधी सांगायला हवं. शब्द डच लोकांबरोबर आला आणि ते गेल्यावर इथंच राहिला. विद्यापीठात ज्याचं सगळं शिकून झालं, आता फक्त डॉक्टरेट तेवढी उरली, असा माणूस म्हणजे डोक्तोरांदुस. अर्थ असा अर्धवटच, पुढे काहीतरी व्हायचं राहिलेला. पण आमच्याकडे अर्थ कुणी विचारला? तो शब्द नावाआधी लागला की माणूस पुरता मोठा झाला. त्याची आखूड केलेली तीन अक्षरं दारावरच्या पाटीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, आणि शेवटी थडग्यावर. लग्नात निवेदक यजमानांची नावं वाचतो तेव्हा एक अक्षर गाळलं तरी लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत. शेजारच्या वाडीतले एक इंजिनियर एवढ्याच कारणावरून जेवणाच्या पंगतीतून उठून गेले होते, आणि पंगतीत बकरा होता. आता सरकारनं तो शब्द बंद केलाय. आताच्या पोरांच्या पदव्या नावाच्या मागून येतात. पोरं कांग मादीला चिडवायची, "पाक, तुमची पदवी पुढं चालते, आमची शेपटासारखी मागं लोंबते."

अख्ख्या वाडीत तो शब्द धारण करणारा हा एकटाच. तो शब्दही म्हाताऱ्यांच्या तोंडात झिजून झिजून 'रांदुस' झाला होता. पाक रांदुस. रांदुस मास्तर. रांदुसकडची गल्ली. लहान पोरांना वाटायचं, बारशातच हे नाव ठेवलंय. म्बाह तुमिनेम, वाडीतली आजी, तर शब्दात डॉक्टर ऐकू येतो म्हणून एकदा लंगडी कोंबडी घेऊन आली होती. त्यानं कोंबडीच्या पायाला बांबूची काडी बांधून दिली. कोंबडी चालायला लागली. मग काय, तापाची पोरं यायला लागली. तो प्रत्येक पोराला सायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात पोचवायचा, आणि परतताना दमलेला दिसायचा, सायकल मारून दमतो त्याहून जास्त.

मी त्याला कधी त्या शब्दानं हाक मारली नाही. मी त्याला ओळखलं ते शब्द लागायच्या आधी.

तो आमच्याकडे आला तो विद्यापीठाचा पोरगा म्हणून. गाणी गोळा करायला. अजान झाली आणि नमाजेला लोक जमायचे असले की आमच्याकडे मधल्या वेळात गाणी म्हणतात. देवाची, मरणाची, आईच्या दुधाची. माझे वडील तेव्हा मोदिन होते आणि त्यांच्या गळ्यात अशी कितीतरी गाणी होती. कांग मादी त्यांच्या पायाशी बसून ती लिहून घ्यायचा. त्याच गाण्यांवर त्याचा प्रबंध चालला होता. वडील त्याला म्हणायचे, "अरे, लिहितोस कशाला, पाठ कर." तो म्हणायचा, "पाठ तर होतातच, पाक. पण परीक्षकांना गाऊन दाखवलं तर हाकलून देतील."

त्याचे प्राध्यापकही दोनदा आले. पाक राहादी. किडकिडीत, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. आमच्या चटईवर बसून उकडलेला कसावा खाल्ला, वडिलांच्या मागोमाग गायचा प्रयत्न केला आणि इतका बेसूर सूर लावला की माझी आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. निघताना कांग मादीच्या खांद्यावर हात ठेवून ते वडिलांना म्हणाले, "परीक्षा पुढच्या आठवड्यात. तो नुसता सोहळा. माझ्या लेखी हा आजच डोक्तोरांदुस झाला."

पुढचा आठवडा उजाडला तो लष्कराचे ट्रक घेऊन. त्या वर्षी काय झालं ते आमच्याकडचा प्रत्येक म्हातारा जाणतो आणि कुणी बोलत नाही. डाव्या पक्षाचे म्हणून, त्यांच्या ओळखीचे म्हणून, किंवा शेजाऱ्याला आवडत नव्हते म्हणून माणसं ट्रकमध्ये चढली. कित्येक परतली नाहीत. पाक राहादींना घरून नेलं. कमरेला लुंगी होती, चष्मा टेबलावरच राहिला, एवढंच कळलं. परीक्षा झाली नाही. विद्यापीठात कांग मादीनं एका दुसऱ्या प्राध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "तू कुणाचा विद्यार्थी ते मला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. जा."

तो शेवटच्या बसनं आमच्याकडे आला. प्रबंधाचा गठ्ठा शर्टाच्या आत. पहिल्याच पानावर पाक राहादींचं नाव होतं. त्यानं माझ्या आईच्या चुलीसमोर बसून एकेक पान आत सारलं. आईनं काही विचारलं नाही. भाताचं भांडं तेवढं जरा बाजूला केलं, राख पडू नये म्हणून. तो भात आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

लग्न आधीच ठरलेलं होतं. वुर्यानीचा बाप ताडगुळाचा व्यापारी, बोलका माणूस. जावई या महिन्यात डोक्तोरांदुस होतोय हे त्यानं चार बाजारांत सांगून ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशी निवेदकानं ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि घोळदार आवाजात वाचलं, "नवरदेव, डोक्तोरांदुस किस्मादी." मी समोरच बसलो होतो. कांग मादी डोक्याला पगडी, पाठीला खोचलेली कट्यार, पुतळ्यासारखा. आमच्याकडे नवरदेव बोलत नाही. आणि बोलून म्हणणार काय? परीक्षा झाली नाही म्हटलं की का झाली नाही हे आलं. मग कुणाचा विद्यार्थी हे आलं. मांडवात पहिल्या रांगेत लष्करी छावणीचे दोन शिपाई जेवायला बसले होते. तो पुतळ्यासारखाच राहिला.

तिथून पुढं चाळीसेक वर्षं. शाळेच्या कागदावर तो स्वतःच्या हातानं फक्त बी.ए. लिहायचा, तेवढं त्याचं खरं होतं. बाकी सगळं गावानं लिहिलं. दारावरची पाटी सासऱ्यानं लावली. गाणं मात्र त्यानं पुन्हा म्हटलं नाही. मशिदीत आम्ही सूर धरला की तो बाहेर वहाणा नीट लावत बसायचा.

"ऐक," खाटेवरून तो मला म्हणाला. "जनाजा उठायच्या आधी तू लोकांना तीनदा विचारणार, हा माणूस कसा होता. ते म्हणणार, चांगला होता. कुणाबद्दल म्हणणार ते? त्या पाटीबद्दल? फरिश्ते पत्ता शोधत बसतील, जुम."

"फरिश्त्यांना पाटी वाचावी लागत नाही," मी म्हटलं.

"मला लागते. रोज वाचतो मी ती." त्याला धाप लागली. मी पाठीमागं उशी सारली. "पाक राहादींनी शब्द दिला तो थट्टेत आणि मायेनं. तो मी घातला सदऱ्यासारखा, अन् हिंडलो गावभर. ज्यांनी दिला त्यांचं नाव मात्र एकदाही तोंडातून काढलं नाही. भोंग्यावरून नाही, घरात नाही. माझ्या पोरीला, एन्दाहला, ठाऊकसुद्धा नाही तो माणूस."

"ठाऊक नाही तेच बरं," बू वुर्यानी म्हणाली. ती दाराशी टेकून उभी होती. "तिचा सासरा लष्करातून निवृत्त झालेला कप्तान. सोयरीक करताना त्यांनी आपल्या तीन पिढ्या चाळून घेतल्या होत्या. आता तुम्ही मेल्यावर सांगणार की डोक्तोरांदुस नव्हतो? मग विचारतील ना, का नव्हता."

"वू, मेल्यावर मला कोण धरून नेणार?"

"तुम्हाला नाही. आम्हाला." तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला तो शब्द टोचतो. मी त्याच्याखाली राहिलेय. छप्पर आहे ते माझं. तुम्ही जाताना छप्पर घेऊन जाणार आणि मी पावसात."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला आणि नुसता हात पुढे केला. मरणाऱ्यानं पुढे केलेला हात मोदिन सोडवू शकत नाही. मी तो धरला. "नाही लावणार," मी म्हटलं.

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. वहाणा घालत होतो तर म्हणाली, "तुम्ही वचन देऊन घरी चाललात, पाक मोदिन. इथं राहायचंय मला."

मी मान खाली घालून वहाणेत पाय सारला आणि निघालो.

तो गुरुवारी पहाटे गेला, फजरच्या नमाजेच्या जरा आधी. जावई बागास माझ्या मागोमाग मशिदीत आला. चांगला मुलगा, केस अजून ओले, डोळे लाल. म्हणाला, "पाक मोदिन, आई म्हणाल्या, पदवीसकट सांगा. प्लीज. बाबांनाही मी फोन केलाय, ते निघालेत." बाबा म्हणजे कप्तान.

मी ध्वनिक्षेपक सुरू केला. फुंकर मारून पाहिली. तो शब्द जिभेवर आपसूक यायचा. इतक्या वर्षांची सवय. माझं सारं लक्ष तो एक शब्द गिळण्यात होतं. "किस्मादी, रेक्साचा मुलगा, अल्लाहच्या दयेकडे परतला. दफन दुपारी, जुहरच्या नमाजेनंतर." तीनदा म्हटलं. बागासनं मान खाली घातली आणि निघून गेला. वाडीचं नाव सांगायचं राहिलं, हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

घरी आलो. मांडव टाकला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. गल्लीतल्या बायका भात शिजवायला आल्या, शेजारचे दोघे-तिघे पुरुष आले. आम्ही त्याला न्हाऊ घातलं. पोट सोडलं तर उरलेला माणूस लहान मुलाएवढा झाला होता. मी पाणी ओतताना वडिलांचं एक गाणं मनात म्हणत होतो. मोठ्यानं म्हणायचं धैर्य झालं नाही, त्याला आवडलं नसतं असं वाटलं. कफन बांधलं. जनाजा मांडवात आणून ठेवला.

आणि कुणी येईना.

ऊन चढलं. चाळीस वर्षं ज्यानं चार वाड्यांची पोरं शिकवली, त्याच्या मांडवात खुर्च्या रिकाम्या. पाण्याचे पेले तसेच. कबर खणायला जाणारी पोरंही आली नव्हती. एका खुर्चीवर मांजर येऊन झोपलं. बू वुर्यानी दारात बसून रस्त्याकडे पाहत होती. एन्दाह तिच्या शेजारी. मी कफनाच्या गाठी उगाच पुन्हा तपासत होतो.

मग रस्त्यानं दुधाची सायकल घेऊन एक पोरगा गेला. जरा पुढे जाऊन थांबला, मागे वळला. "म्हणजे रांदुस मास्तर गेले की काय?" त्यानं विचारलं. "मग सगळे तिकडं का गेलेत, किस्मादीकडं?"

तेव्हा उलगडा झाला. तेगालसारी वाडीत दुसरा एक किस्मादी आहे. बांबूच्या टोपल्या विणतो, ऐंशीच्या घरातला. साऱ्या पंचक्रोशीला किस्मादी म्हटलं की तोच ठाऊक. लोक तांदूळ घेऊन, डोकीवर पदर घेऊन, कुदळी-फावडी घेऊन सरळ त्याच्या दारात गेले होते.

बू वुर्यानी माझ्याकडे बघून म्हणाली, "एकट्याला धाडताय तुम्ही त्यांना."

"आत्ता जाऊन पुन्हा सांगतो. वाडीचं नाव सांगतो," मी म्हटलं.

"वाडीनं काय होणार? त्यांना तो शब्दच ऐकू यायला हवा." हे ती रागानं बोलायला गेली, पण वाक्याच्या मध्येच तिचा चेहरा बदलला. काहीतरी हातातून पडल्यावर माणूस बघतो तशी ती जनाज्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं नाव कुणाला ठाऊकच नाही."

मी मशिदीकडे निघणार एवढ्यात गर्दी आली. पुढं काठी टेकत स्वतः टोपलीवाला किस्मादी, आणि त्याच्या मागे चार वाड्यांची माणसं.

"मी मेलेलो नाही हे मला सकाळपासून घसा फोडून सांगावं लागतंय," तो मांडवात शिरत म्हणाला. "काय रे मोदिन, तुमचा रांदुस गेला तर रांदुस गेला म्हणून सांगावं. माझी सून रडायलासुद्धा लागली होती. पहिल्यांदाच माझ्यासाठी रडताना पाहिली. जरा वेळ तसाच पडून राहणार होतो, पण हे लोक माझ्याच अंगणात खणायचं कुठं म्हणून विचारायला लागले."

माणसं तोंडावर हात धरून हसली, मग जनाजा दिसला तशी गप्प झाली. म्हातारा त्याच्याजवळ गेला. कफनावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या नावाचा होतास होय तू? कधी बोलला नाहीस."

कबर खणायला माणसं पळाली. खुर्च्या भरल्या. कप्तान आले, मोटार कडेला लावून, पहिल्या रांगेत बसले. उंच, पांढरी मिशी, काळी टोपी नीट. त्यांनी बू वुर्यानीला वाकून नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता. नातीला दर शुक्रवारी स्वतः शाळेतून आणायचा.

जुहर झाली. जनाजा उचलायच्या आधी मी पुढे झालो. "लोकहो, हे किस्मादी, रेक्साचे चिरंजीव. आपल्याबरोबर राहिले, आपली मुलं शिकवली. यांच्याकडून काही दुखावलं गेलं असेल तर माफ करा. आता सांगा, हे कसे होते?"

"चांगले होते," सगळ्यांचा एकच आवाज.

"कसे होते?"

"चांगले होते."

तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तोच कप्तान हलक्या आवाजात, चूक सुधारावी तसं म्हणाले, "नावाआधीचं राहिलं, पाक मोदिन. सकाळी भोंग्यावरही राहिलं म्हणे, म्हणून तर घोटाळा झाला. व्याह्यांचा मान आहे तो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेलेल्याचं वचन माझ्या हातात आणि जिवंत बाई माझ्या पाठीमागं. मी शब्द शोधत होतो, खोटं न होणारं काहीतरी. अल्लाह माफ करो, मला त्यातलं एकही सापडत नव्हतं.

"राहिलं नाही," मागून बू वुर्यानी म्हणाली. "नव्हतंच."

ती उंबऱ्यातून खाली उतरली. आमच्याकडे जनाज्यापाशी बायका बोलत नाहीत. ती बोलली, हळूच, पण मांडवात मुंगीचंही ऐकू आलं असतं.

"त्यांची परीक्षा झाली नाही. ते डोक्तोरांदुस नव्हते. त्यांचे प्राध्यापक होते, पाक राहादी. त्यांना ट्रकमधून नेलं. म्हणून परीक्षा झाली नाही. ते कुणाला बोलले नाहीत, मी बोलू दिलं नाही. सकाळपासून बघतेय मी, माझ्या नवऱ्याच्या नावानं हाक मारली तर माणसं दुसऱ्याच्या दारात जातात. त्यांचं नाव किस्मादी आहे. किस्मादी. एवढंच."

एन्दाहनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, धरूही दिला नाही. हात नुसता लोंबत राहिला.

मांडवात जे म्हातारे होते ते जमिनीकडे बघत होते. त्यातल्या काहींनी त्या वर्षी रात्री पहारे दिले होते, काहींनी नावं सांगितली होती, काहींच्या घरातले गेले होते. तरुणांना फक्त एवढंच कळलं की म्हाताऱ्यांना काहीतरी झालंय. कप्तानांनी टोपी काढली, आतून पुसली, परत घातली. तोंडावर काही दिसलं नाही.

मी तिसऱ्यांदा विचारलं, "किस्मादी कसे होते?"

उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा पहिल्या दोन वेळेसारखं नव्हतं. इकडून एक, तिकडून एक, घसा साफ करत, दबक्या आवाजात. बरीच तोंडं बंद राहिली. पण जी उघडली ती ते नाव ऐकल्यावर उघडली. टोपलीवाल्याचा आवाज शेवटी आला, खरखरीत, "चांगला होता. आता उचला त्याला, ऊन लागतंय."

जनाजा खांद्यावर घेतला. एन्दाह तिच्या मुलीचा हात धरून त्याच्याखालून तीनदा पलीकडे गेली, रीतीप्रमाणे. कप्तान खांदा द्यायला आले नाहीत. मोटार सुरू झाल्याचा आवाज आम्हाला वळणावर आला. त्यानंतर शुक्रवारी ते शाळेच्या फाटकाशी दिसले नाहीत. एन्दाह स्वतः मुलीला आणते. सासरी तिच्याशी कुणी भांडत नाही. बोलतही नाही. बागास रविवारी सासूकडे येतो, एकटा, आणि कौलं शाकारून जातो.

सातव्या दिवशी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजेनंतर, घरात फातिहा होती. लोक आले, निम्मेच. केळीच्या पानावर भात, सोयाबीनचे टेंपे, शेंगदाण्याची चटणी. सुरुवातीला मी मेलेल्यांची नावं घेतो आणि घरातलं कुणी कानात ती सांगतं. बू वुर्यानी पडद्याआड बसून सांगत होती. रेक्सा. त्यांची बायको. तिचा बाप, ताडगुळवाला. किस्मादी. मग थांबून म्हणाली, "पाक राहादी."

"कुणाचा मुलगा?" मी विचारलं. नाव घेताना बापाचं नाव लागतं.

"ठाऊक नाही."

"गेले ते?"

"तसं कुणी सांगितलं नाही."

"मग आहेत?"

"तसंही कुणी सांगितलं नाही, पाक मोदिन."

माझ्या कामात नावांना दोनच जागा असतात. एक मेलेल्यांची. एक जिवंतांची, आजाऱ्यांची आणि वाटेवर असलेल्यांची. वडिलांनी मला दोन्ही शिकवल्या. तिसरी शिकवली नाही. मी मेलेल्यांची नावं संपवली. जिवंतांची सुरू करायची तर जीभ हलेना. समोरचे लोक वाट बघत होते, कुणीतरी खोकलं. मग मी त्या दोन्हींच्या मध्ये जरा वेळ गप्प राहिलो, आणि त्या शांततेत ते नाव घेतलं. बापाचं नाव न लावता. कुणी विचारलं नाही, हे कुठं बसतं म्हणून.

अजूनही मी तसंच घेतो. तुम्ही आपल्या घरी जाल, तुमची प्रार्थना तुमच्या पद्धतीनं कराल, तिथं तुमची माणसं आठवाल. त्यांच्याबरोबर एवढं करा, पाक राहादींचं नाव घ्या. मेलेल्यांत घ्या, नाहीतर वाटेवरच्यांत घ्या, तुम्हाला जिथं जागा सापडेल तिथं. पण घ्या.